रायफलचा गंज कव्हरमध्ये दडला होता

वडिलांची .३१५ बोअरची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल रीतसर परवाना काढून माझ्या नावावर झाली. बोल्टची, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याची, घडण जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलचीच. ठाण्यातल्या पहिल्याच पावसाळ्यात बोल्टवर तांबूस ठिपके उठले. तेल लावलं, तरी आठवड्यात परत हजर! जीव तुटायचा. एकदा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये हात घातला, तर अस्तर ओलसर. तेलही तेच शोषत होतं.

गोळ्यांचं मॅगझिन काढलं, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री केली, बोल्ट बाहेर घेतला. तेलात भिजवलेल्या सुती फडक्याने चोळत गंज उतरवला. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, वरचा काळा थर निघतो. आता रायफल कव्हरविना, कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. श्रावण सरत आला, बोल्ट लख्ख आहे.