बजीच्या पिलांचा रंग आधीच ओळखा

बजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट (बजरीगर). त्याच्या हिरव्या-हिरव्या जोडीला निळं पिल्लू झालं तर दचकू नका. बजीमध्ये हिरवा रंग प्रभावी, निळा अप्रभावी. दोघांतही निळ्याचं जनुक लपलेलं असेल तर प्रत्येक अंड्यामागे निळ्या पिलाची शक्यता 25 टक्के असते. चार अंड्यांत एक निळं निघेलच, असं मात्र नाही.

ल्युटिनोचं, म्हणजे लाल डोळ्यांच्या पिवळ्या बजीचं, गणित तर फारच कामाचं. ल्युटिनो नराला हिरवी मादी लावा: लाल डोळ्यांची सगळी पिल्लं माद्या, काळ्या डोळ्यांचे सगळे नर. अंड्यातून बाहेर पडताच लिंग कळतं! जोडी उलट लावली तर हा फायदा मिळत नाही.

प्रत्येक जोडीच्या आईबापांचे रंग वहीत लिहा. आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पिंजऱ्यातली अंडी घालायची मडकी काढूनच ठेवा.