‘बरं शे ना?’ विचारताना होणाऱ्या चुका

रविवारची उपासना संपली की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात हात हातात घेतले जातात आणि ‘कसे आहात?’ हा प्रश्न विचारला जातो. अहिराणी बोलणाऱ्यांत तोच प्रश्न ‘बरं शे ना?’ असा येतो आणि त्याच्या शेवटच्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच ठरलेले असते. समोरच्याने ‘बरं शे’ म्हणावे आणि दोघांनी आपापल्या चपला शोधाव्यात, इतकेच उरते. एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा आपल्याला पाठ आहे, पण ती पाळण्याची सर्वांत स्वस्त आणि रोजची संधी, म्हणजे आस्थेने केलेली विचारपूस, आपण सहज वाया घालवतो. पुढे ज्या चुका मांडल्या आहेत, त्यांतील बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

‘ठीक आहे’ या उत्तरावर थांबणे

बायबलमधील २ राजे या पुस्तकाच्या अध्याय ४ मध्ये शुनेम गावच्या बाईचा एकुलता एक मुलगा दुपारी तिच्या मांडीवर प्राण सोडतो. आज का निघालीस, असे नवरा विचारतो, तेव्हा ती ‘ठीक आहे’ एवढेच सांगून कर्मेल डोंगराची वाट धरते. तू, तुझा पती आणि तुझा मुलगा बरे आहात ना, हे विचारायला तेथे असलेला संदेष्टा अलीशा आपला चाकर गेहजी याला धावत पाठवतो, तर त्यालाही ती तेच उत्तर देते. संदेष्ट्याजवळ पोहोचल्यावर मात्र ती त्याचे पाय धरते. गेहजी तिला दूर लोटू पाहतो, तेव्हा अलीशा त्याला थांबवतो आणि हिच्या दुःखाचे कारण परमेश्वराने मला कळवलेले नाही, असे सरळ कबूल करतो. ‘तुझ्या मनातले मला ठाऊक आहे’ असा आव एवढ्या मोठ्या संदेष्ट्यानेही आणला नाही, हे मला त्याने पुढे मुलाला जिवंत करण्याच्या चमत्काराइतकेच मोलाचे वाटते.

आपल्याकडेही सासूसमोर उभी असलेली सून, किंवा दुकानदाराची उधारी थकलेला शेतकरी, पहिल्या प्रश्नाला ‘ठीक’ असेच म्हणणार. त्यावर जोर करून ‘नाही, खरे सांगा’ म्हणणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. दुसरा प्रश्न लहान आणि नेमका असावा: ‘मागच्या वेळी रात्री झोप लागत नाही म्हणाला होता, आता लागते का?’ असा प्रश्न विचारायला आठवण ठेवावी लागते, आणि कोणीतरी आपले बोलणे लक्षात ठेवले हे कळले की माणूस पुष्कळदा आपणहून बोलू लागतो.

विचारपुशीची चौकशी होणे

मराठीत विचारपूस आणि चौकशी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि चौकशी पोलिसही करतात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा एका बंधूला पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पाहून मी सर्वांत आधी विचारले, ‘इतके महिने कुठे होता, उपासनेला दिसला नाहीत?’ त्याने मान खाली घातली. मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल पुरती फिटलेली नव्हती आणि पुढच्या हंगामालाही जावे लागणार होते, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले. मी विचारपूस केल्याच्या समाधानात होतो. प्रत्यक्षात मी हजेरी घेतली होती.

बायबलमध्ये मालकिणीपासून रानात पळून आलेल्या हागार या दासीला देवदूत तिच्या नावाने हाक मारतो आणि कोठून आलीस व कोठे चाललीस, असे विचारतो. त्या प्रश्नात तिला आपली हकिकत सांगायला जागा मिळते. ‘का’ हा शब्दच वर्ज्य आहे असे नव्हे, कारण आपल्या कबरेपाशी रडणाऱ्या मरिया या शिष्येला ‘का रडतेस?’ असे येशूनेच विचारले. संशयाने विचारलेला ‘का’ मात्र टाळावा.

उत्तर आधीच ठरवून विचारणे

माझ्या मते सर्वांत जास्त जखमा ही चूक करते. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे घड लागलेली केळी आडवी होतात, तेव्हा बांधावर आलेला माणूस विचारतो, ‘विमा काढला होता ना?’ काढला असेल तर या प्रश्नाची गरज नाही, आणि नसेल तर तो प्रश्न नुसता चटका देतो. बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, तोवर त्यांनी उत्तम सोबत केली होती. मग त्यांच्यातला अलीफज बोलू लागला. त्याची सुरुवात अदबीची होती, बोललो तर तुला जड जाईल का, अशी. पण निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे का, हा त्याचा पुढचा प्रश्न म्हणजे प्रश्नचिन्ह लावलेला निकाल होता. आजारी माणसाला ‘प्रार्थना नियमित करता ना?’ असे विचारणारे आपण त्याच वळणावर असतो.

याउलट रस्त्याकडेला बसलेल्या बार्तीमय या भिकाऱ्याचे आंधळेपण सर्वांना दिसत होते, आणि गर्दी त्याला गप्प राहा म्हणून दटावत होती, तरीही मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे येशूने त्याला विचारले. गरज उघड दिसत असली तरी ती सांगण्याचा मान ज्याची गरज आहे त्याचाच असतो.

चारचौघांत विचारणे

नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकल सेलचे रुग्ण आहेत, आणि लग्नाच्या वयाच्या मुलीला बायकांच्या घोळक्यात ‘तपासणीत काय निघाले?’ असे विचारले तर त्याचा परिणाम कुठवर जाईल हे सांगायला नको. प्रार्थनेच्या विनंतीचेही तसेच आहे, कारण ती घरसभेत गेली की संध्याकाळपर्यंत गावभर होते. म्हणून आधी विचारून घ्यावे: ‘हे मंडळीत मांडू, की माझ्यापाशीच ठेवू?’

प्रश्न चुकलाच तर

समोरच्याचा चेहरा उतरला तर ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे समर्थन लांबवू नये. ‘मी चुकीचे विचारले, माफ करा’ एवढे पुरते. माणूस रडू लागला तर लगेच बायबलचे वचन सांगून त्याला थांबवू नये, गप्प बसावे. उत्तरात खरी गरज सांगितली गेली तर याकोबाच्या पत्रातील इशारा आठवावा, कारण उघड्यावाघड्या आणि उपाशी माणसाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून नुसते वाटेला लावणे तेथे व्यर्थ ठरवले आहे.

काही वेळा प्रश्नच उशिरा विचारायचा असतो. मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीया या संदेष्ट्याला देवदूताने आधी दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला ४० दिवसांनी होरेब डोंगरावर विचारला गेला. तोही दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याचे तेच गाऱ्हाणे ऐकून घेतले गेले. दवाखान्यात रात्र जागून काढलेल्या नातेवाइकाला म्हणून पहिल्या दिवशी काही विचारू नये. कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात घालून द्यावा आणि निघावे. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घ्यायला जाताना मात्र तासभर बसता येईल अशा वेळी जावे.