डोमेन घेण्यापूर्वी दहा मिनिटांची तपासणी

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान असलेले अनेकजण प्रसिद्ध कंपनीच्या नावापुढे ‘सर्व्हिस’ किंवा ‘मुंबई’ जोडून संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील पत्ता, घेतात आणि फलक, कार्डे छापून झाल्यावर कंपनीच्या वकिलाची नोटीस येते. ती टाळण्यासाठी पुढील तपासणी करावी.

१. भारत सरकारच्या ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) नोंदणी संकेतस्थळावरील ‘पब्लिक सर्च’ विनामूल्य आहे. तेथे ठरवलेले नाव आधी ‘वर्डमार्क’मध्ये (शब्दरूपातील नावांत) शोधावे आणि नंतर ‘फोनेटिक’ (उच्चारानुसार) हा पर्याय निवडून पुन्हा शोधावे, कारण स्पेलिंग बदलले तरी उच्चार सारखा राहिला तर धोका तसाच राहतो आणि नेमकी हीच पायरी बहुतेकजण गाळतात.

२. ट्रेडमार्क नोंदणीत वस्तू व सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत; शोधताना त्यांपैकी आपला वर्ग निवडावा. दुरुस्तीसाठी तो ३७ आहे. मात्र नाव फार प्रसिद्ध असेल, तर वर्ग वेगळा असला तरी ते टाळावे.

३. डोमेनमध्ये स्वतःचे नाव ठेवावे. आपण कोणत्या कंपनीची उपकरणे दुरुस्त करतो, हे आतील पानावर साध्या अक्षरांत, बोधचिन्ह न वापरता लिहावे आणि आपण अधिकृत केंद्र नसल्याचे तेथेच स्पष्ट करावे.

नोंदणीत नाव सापडले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. नोंदणी नसलेल्या, पण बाजारात रुजलेल्या नावालाही कायद्याचे संरक्षण मिळते आणि ते डोमेनलाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीच्या खटल्यात मान्य केले आहे.