दूरच्या स्विचवर हात घालण्याआधी ‘रीलोड इन’

सिस्कोच्या स्विचवर (ऑफिसातली उपकरणं नेटवर्कला जोडणारी पेटी) एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरूनच लॉगिन करून, शिरून अपलिंकची ट्रंक (स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणारी मुख्य लाइन) किंवा मॅनेजमेंट आयपी (ज्या पत्त्यावर आपण लॉगिन करतो तो) बदलताना एक ओळ चुकली की आपलंच कनेक्शन तुटतं. मग कन्सोल केबल (स्विचला थेट लावायची तार) घेऊन साइटवर पळा! त्यापेक्षा:

१. ‘राइट मेमरी’ देऊन आत्ताचं कॉन्फिग (स्विचच्या सगळ्या सेटिंग्ज) सेव्ह करा.
२. ‘रीलोड इन १०’ द्या. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल.
३. बदल करा, पण सेव्ह करू नका. खरी मेख इथेच आहे: सेव्ह न केलेलं रीस्टार्टमध्ये पुसलं जातं आणि जुनं कॉन्फिग परत येतं.
४. नवं एसएसएच सेशन उघडून बघा. जुनं चालतंय एवढ्यावर विसंबू नका. नवं सेशन जोडलं गेलं, तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग ‘राइट मेमरी’.

किती वेळ उरलाय ते ‘शो रीलोड’ सांगतं. कॅन्सल करायला विसरलात तर भर ऑफिसात अख्खा मजला बंद पडेल, पीओईवरचे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) फोन-कॅमेरेसुद्धा.

व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं आभासी नेटवर्क) उडवताना मात्र ही युक्ती कामाची नाही. व्हीटीपी (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी सारखी ठेवणारी सिस्कोची सोय) सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या (स्विचच्या कायमच्या मेमरीतल्या) वेगळ्या फाइलमध्ये लगेच लिहिली जाते, त्यामुळे उडवलेलं व्हीलॅन रीस्टार्टने परत येत नाही.