सेफ्टी प्लॅन लिहिताय? आधी ‘योग्य’ हा शब्द खोडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून सांगितलं, महिनाअखेर कमिटी येतेय, आपल्या लॅबचा सेफ्टी प्लॅन तू करून टाक. नाही म्हणायची सोय नव्हती. केला. कपाटातल्या एकूण एक बाटलीची यादी, प्रत्येकीचं एसडीएस म्हणजे धोके सांगणारं माहितीपत्रक, जीएचएसची म्हणजे लेबलवरच्या धोक्याच्या खुणांची चित्रं, इमर्जन्सी नंबर, सगळं मिळून ४३ पानं झाली. सरांनी सही केली, कमिटीनेही चांगलं म्हटलं. आणि पाच आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये माझ्यामुळे बाटली फुटली. आता ज्यांच्या गळ्यात हे काम नव्याने पडलंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण मी केलं तसंच करत असणार याची मला खात्री आहे. एसडीएस कसं वाचायचं, हूड म्हणजे धूर ओढून घेणारं काचेच्या दाराचं कपाट कशासाठी असतं हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

झालं असं. आमच्याकडे गाळायच्या काचेच्या सिंटर्ड फनेलच्या जाळीत चांदी अडकून बसायची, ती काढायला कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिड वापरायचो. त्या संध्याकाळी पावणेसात वाजले होते, ॲसिड वेस्टची बाटली काठोकाठ भरलेली, स्टोअर बंद. मी मिथेनॉलची रिकामी झालेली अडीच लिटरची बाटली घेतली, तळाला थोडं मिथेनॉल उरलं होतं ते काढलं नाही, वापरलेलं नायट्रिक त्यात ओतलं, वरून मार्करने ‘ॲसिड वेस्ट’ लिहिलं आणि वास नको म्हणून झाकण घट्ट फिरवून बाटली हूडमध्ये ठेवली. आणि त्या वेळी काहीही झालं नाही. फेस नाही, धूर नाही, बाटली हाताला गरम नाही. फसायला होतं ते इथेच. नायट्रिक आणि अल्कोहोल एकत्र आलं की रिॲक्शन कधीकधी तासन् तास रेंगाळते, मग स्वतःच्याच उष्णतेने वेग घेते आणि गॅस व्हायला लागतो, झाकण घट्ट असेल तर त्या गॅसला जायला वाटच नाही. मी हॉस्टेलवर जेवून झोपले होते तेव्हा कधीतरी ती फुटली. सकाळी मामांनी, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटनी, दार उघडलं तर आत तपकिरी धूर. ते आत गेले नाहीत, दार ओढून घेतलं आणि खाली येऊन मला फोन केला. हूडची काच मी खाली ओढून गेले होते म्हणून तुकडे आतच राहिले, पण त्या काचेला आतून जो तडा गेला होता तो बरोबर माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होता. त्यापुढे मला आजही उभं राहवत नाही.

मग मी प्लॅन उघडला. पान ३१ वर माझंच वाक्य: ‘रासायनिक कचरा योग्य बाटलीत योग्य प्रकारे साठवावा.’

हे वाक्य नीट बघा, कारण तुमच्याही प्लॅनमध्ये हे असणार. योग्य बाटली म्हणजे कुठली? योग्य प्रकार म्हणजे झाकण घट्ट की सैल? ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला या वाक्याची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला यातून काहीच कळत नाही. प्लॅनमध्ये जिथे जिथे ‘योग्य’, ‘पुरेशी’, ‘आवश्यक ती काळजी’ असे शब्द येतात ना, तिथे लिहिणाऱ्याने विचार करणं थांबवलेलं असतं. मी थांबवलं होतं. दुसरी चूक त्याहून मोठी, माझा प्लॅन कपाटातल्या बाटल्यांचा होता, कामाचा नव्हता. नायट्रिकचं पान होतं, मिथेनॉलचं पान होतं, दोन्ही बिनचूक, पण ती दोन जिथे भेटली त्या बेसिनपर्यंत माझा प्लॅन पोचलाच नव्हता. रिॲक्शन संपली तिथे तो संपला. भांडी घासणं, वेस्ट ओतणं, रात्री लॅब बंद करणं हे मला लिहिण्यासारखं वाटलंच नाही.

त्यामुळे यादीपासून सुरुवात करू नका. एक दिवस लॅबमध्ये स्टूल टाकून बसा आणि एकाच माणसाचं एकच काम सकाळी बाटली काढल्यापासून संध्याकाळी हात धुऊन जाईपर्यंत बघा, बघता बघता लिहा. तेच वाक्य मी नंतर असं केलं: वापरलेलं नायट्रिक फक्त डाव्या हूडच्या ट्रेमधल्या पिवळ्या पट्टीच्या बाटलीत, ती बाटली आधीही नायट्रिकचीच असली पाहिजे, मिथेनॉल, इथेनॉल, ॲसिटोन जिच्यात कधीही होतं ती धुतलेली असली तरी चालणार नाही, झाकण गॅस सुटू देणारं, पाऊण बाटलीच्या वर भरायचं नाही, आणि सहानंतर बाटली भरलेली दिसली तर फनेल भिजत ठेवायचं नाही, धुणं उद्या. शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. माणूस चुकतो ती वेळ आधीच दिसत असते, स्टोअर बंद झाल्यावर, मेस सुटायच्या आधी, सबमिशनच्या आदल्या रात्री. त्या वेळेचं उत्तर प्लॅनमध्ये हवं.

आकडाही लिहायलाच हवा. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये एका स्फोटक संयुगाचा स्फोट होऊन विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही ही मर्यादा तिथे होती, पण तोंडी, बनवलं सुमारे १० ग्रॅम. तोंडी नियम नव्या माणसापर्यंत पोचत नाही. त्याच्या वर्षभर आधी, २९ डिसेंबर २००८ ला, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये शेहरबानो सांगजी टर्ट-ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती, दट्ट्या बाहेर आला आणि हवा लागताच ते पेटलं. अंगात लॅबकोट नव्हता, स्वेटर होता. १८ दिवसांनी ती गेली, २३ वर्षांची होती. आपण यातून ‘कोट घाला’ एवढंच उचलतो. ते तर घालाच, पण सिरिंज केवढी, ती किती भरायची, शेजारी कोण उभं असणार, हे लिहिलेलं हवं.

आता माझं ठाम मत, पटो न पटो. परदेशी विद्यापीठाचा तयार प्लॅन डाउनलोड करून नाव बदलणं हा शॉर्टकट नाही, तो खोटेपणा आहे. त्यांच्याकडे वेस्ट न्यायला माणूस येतो, आपल्याकडे वेस्ट सहा-सहा महिने जिन्याखाली पडून असतो. आणि जे गाईड न वाचता सही करतात त्यांच्यासमोर बसून एकेक पान वाचून दाखवा, पाच मिनिटांत कंटाळले तरी वाचा. शिकायचं असेल तर लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या मामांकडे जा. टीएचएफ या सॉल्व्हंटच्या बाटलीवर उघडल्याची तारीख घालायची, कारण उघडून जुनी होत गेली की त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठत जातं, हे मला पुस्तकाने सांगितलं होतं, पण कुठल्या कपाटात मागे तारीख नसलेल्या चार बाटल्या आहेत हे मामांनी सांगितलं.

घाबरून जाऊ नका मात्र. खरंच. पहिला प्लॅन अपुराच होतो आणि तो सुधारता येतो, सगळं एका महिन्यात जमायला हवं असं काही नाही. सर्वात धोक्याची तीन कामं निवडा, तेवढीच नीट लिहा. बाकीची पुढच्या महिन्यात.

लिहिलेलं जागेवर जाऊन तपासायचं मात्र टाळू नका. हायड्रोफ्लोरिक ॲसिडने भाजलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आहे असं मी लिहिलं होतं, ट्यूब काढून बघितली तर एक्स्पायरी होऊन दोन वर्षं झालेली. सोडियमच्या आगीसाठी कोरड्या वाळूची बादली लिहिली होती, ती व्हरांड्यात खिडकीखाली, जुलैमध्ये हात घातला तर वाळू ओली. पेटत्या सोडियमवर ओली वाळू टाकली असती तर हायड्रोजन निघाला असता. डोळे धुवायच्या नळापर्यंत डोळे मिटून जाऊन बघा, दहा सेकंदांत पोचता येतं का, आणि नळ सलग पंधरा मिनिटं चालतो का. वापरात नसलेली जुनी उपकरणंही यादीत घ्या. दिल्ली विद्यापीठातलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० चं यंत्र १९८५ पासून तसंच पडून होतं, २०१० मध्ये लिलावात भंगारात गेलं आणि दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात रेडिएशनने एका माणसाचा जीव गेला.

नवा प्लॅन झाल्यावर मी तो मामांना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “ताई, सगळं बरोबर आहे, पण हे इंग्रजीत दारावर लावून झाडणाऱ्या मावशी काय वाचणार? सकाळी सगळ्यांच्या आधी आत त्याच जातात.” मग एक पान मराठीत केलं, मोठ्या अक्षरात. तपकिरी किंवा पिवळा धूर दिसला तर आत जायचं नाही. दार ओढून घ्यायचं. खाली येऊन या नंबरवर फोन करायचा. फुटलेली बाटली झाडूने गोळा करायची नाही. मावशींनी ते वाचलं आणि दिव्याचं बटण आत आहे, अंधारात धूर दिसणार कसा, असं विचारलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते बटण दाराबाहेर घेतलं.