चिनी विद्यार्थ्याला इंग्रजीतलं ‘टेक’ कसं शिकवावं

संध्याकाळी साडेसहाला मी पुण्यात लॅपटॉप उघडते, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीच्या घड्याळात नऊ वाजलेले असतात. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ती चेंगडूला एका कारखान्याच्या निर्यात विभागात आहे, इंग्रजी ईमेल बिनचूक लिहिते. एकदा सर्दीनं बेजार झालेली असताना तिनं गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, ‘आय मस्ट ईट मेडिसिन नाऊ.’

‘टेक’ हा शब्द तिला शाळेपासून पाठ आहे. चीनमध्ये २००१च्या धोरणानंतर तिसरीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. तरीही नेमक्या वेळी तो ओठांवर येत नाही, कारण तिच्या भाषेत औषध ‘घेत’ नाहीत, ‘खातात’. चिनीत ते ‘छ याओ’. ‘छ’ म्हणजे खाणं, ‘याओ’ म्हणजे औषध.

शांघाय-शेन्झेनला नोकरी करणारे किंवा ऑनलाइन शिकवणारे बरेच मराठी लोक चिनी सहकाऱ्यांना इंग्रजीत मदत करतात. त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिते आहे. शब्दकोशातले ‘टेक’चे चाळीस अर्थ विद्यार्थ्यासमोर ओतू नका. सुरुवात त्याच्या भाषेतून करा.

आधी ‘मारणे’ आणि ‘ता’

पहिल्या तासाला ‘टेक’चं नावही काढू नका. विद्यार्थ्याला त्याच्याच भाषेतल्या ‘ता’ या क्रियापदाबद्दल विचारा. मूळ अर्थ मारणे, ठोकणे. पण चिनी माणूस फोन करतो तेव्हा ‘ता त्येनह्वा’ म्हणतो, टॅक्सी करतो तेव्हा ‘ता छअ’, छत्री उघडून डोक्यावर धरतो तेव्हा ‘ता सान’. इंजेक्शन देणं-घेणं यालाही ‘ता’, बास्केटबॉल खेळणं यालाही ‘ता’. इथे कुणीच कुणाला मारत नाही. आपल्या ‘मारणे’चंही तसंच आहे. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो, मिठीसुद्धा मारतो, आणि मिठीत मार कुठे आहे असा प्रश्न कुणा मराठी मुलाला पडत नाही.

विद्यार्थ्याकडून ‘ता’ची दहा वाक्यं लिहून घ्या आणि मग विचारा, परदेशी माणसाला हे तू कसं समजावशील? तो थोडा वेळ विचार करतो आणि म्हणतो, समजावता येणार नाही, जोड्या लक्षात ठेवाव्या लागतील. हे त्याच्या तोंडून आलं की अर्धं काम झालं. मग सांगा, इंग्रजीचा ‘ता’ म्हणजे ‘टेक’.

(चिनी शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते आहे. रोमन लिपीत जिथे ‘डी’ लिहितात तिथे त्यांचा उच्चार आपल्या ‘त’च्या जवळ असतो, आणि जिथे ‘टी’ लिहितात तिथे ‘थ’च्या. त-थ, क-ख हा भेद आपल्या कानाला जन्मापासून सवयीचा आहे, त्यामुळे चिनी ऐकताना मराठी माणसाला बरीच मदत होते.)

तीन रकान्यांची वही

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात चिनी क्रियापद, तिसरा रिकामा. दुसरा रकाना विद्यार्थ्यानेच भरायचा. बसनं जाणं? चिनीत ‘त्स्वो’, म्हणजे बसणं. सायकलनं जाणं? ‘छी’, म्हणजे टांग टाकून स्वार होणं, तेच घोड्यालाही. फोटो काढायला वेगळं क्रियापद, आंघोळीला वेगळं, विश्रांतीला वेगळं. पान भरलं की तिसऱ्या रकान्यात ‘टेक’ लिहित जा: टेक अ बस, टेक अ फोटो, टेक अ शॉवर, टेक अ ब्रेक. सायकलच्या ओळीवर मात्र थांबा. तिथे ‘टेक’ न लिहिता ‘राइड’ लिहा, म्हणजे सरसकट नियम करता येत नाही हे त्याच पानावर दिसेल.

चौथा रकाना मी स्वतःसाठी ठेवते, मराठीचा. औषध आपण घेतो, त्यामुळे तिथे इंग्रजीशी आपलं आपोआप जुळतं. वेळ मात्र आपल्याला ‘लागतो’, फोटो आपण ‘काढतो’, रिक्षा आपण ‘करतो’. हा रकाना भरल्यावरच आपण स्वतः कुठे चुकतो ते दिसतं.

मी परीक्षेत चुकले. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत उलटं, विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’. एकदा बोलण्याच्या ओघात मी म्हणाले की माझा भाचा जूनमध्ये परीक्षा ‘गिव्ह’ करणार आहे. तिनं विचारलं, तो प्राध्यापक आहे का? मी लगेच माझी चूक वहीत लिहिली आणि तिला दाखवली. शिक्षकही आपल्या भाषेचं ओझं घेऊनच इंग्रजीत येतो हे विद्यार्थ्याला दिसणं फार मोलाचं आहे. त्या दिवसापासून ती चुकायला घाबरेनाशी झाली.

परीक्षेचं उदाहरण चिनी विद्यार्थ्याला चटकन भिडतं. त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, ‘काओखाओ’, दरवर्षी ७ जूनला सुरू होते. बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात, आणि ती भाषा जवळजवळ नेहमी इंग्रजीच. ‘आय टुक द काओखाओ’ आणि पुढे वर्ष, एवढं वाक्य करून घ्या. हा दिवस कुणीच विसरलेला नसतो, त्यामुळे वाक्यही विसरलं जात नाही.

घेऊन ये, घेऊन जा

इथे घाई करू नका, पूर्ण तास द्या. चिनीत ‘ताय’ म्हणजे सोबत नेणं किंवा आणणं. दिशा सांगायला मागे ‘लाय’ (ये) किंवा ‘छ्यू’ (जा) लावायचं: ताय लाय, ताय छ्यू. आपलं ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ हुबेहूब तसंच चालतं, म्हणून हा भाग मराठी शिक्षकाला सोपा जातो. इंग्रजीत ही दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. ‘ब्रिंग’ म्हणजे घेऊन ये, ‘टेक’ म्हणजे घेऊन जा. बऱ्याच चिनी विद्यार्थ्यांच्या डोक्यात ‘ताय’समोर एकटं ‘ब्रिंग’ बसलेलं असतं, त्यामुळे आईला दवाखान्यात नेलं हे सांगतानाही ते ‘ब्रिंग’च वापरतात.

टेबलावर एक कप ठेवा. कप कॅमेऱ्याकडे आणताना ‘ब्रिंग’, दूर नेताना ‘टेक’. पाच-सहा वेळा करा, मग विद्यार्थ्याला त्याच्या कपानं करू द्या. सोपं वाटतं, पण हात हलल्याशिवाय ही दिशा मनात बसत नाही.

नंतर अवघड जागेकडे या. ‘उद्या मी तुमच्याकडे येते, येताना लाडू घेऊन येते’ असं आपण म्हणतो, कारण आपण ऐकणाऱ्याच्या घरातून बघतो. इंग्रजीही तसंच बघतं: कम, ब्रिंग. चिनी माणूस मात्र अशा वेळी साधारणपणे आपल्या दारातून बघतो आणि ‘मी तुझ्या घरी जातो’ म्हणतो. म्हणून तो फोनवर ‘आय विल गो टू युअर हाऊस अँड टेक अ केक’ म्हणाला तर गोंधळू नका. ‘आता तू माझ्या खोलीत बसून स्वतःकडे बघ’ एवढं सांगा. मी तर तिला खुर्ची वळवून बसायला लावलं होतं.

‘इट टेक्स’: वेळेचं वाक्य

‘मला ऑफिसला जायला तास लागतो.’ चिनीत इथे ‘मी तास खर्च करतो’ अशी रचना करतात, क्रियापद ‘ह्वा’. खर्च करणारा माणूस असतो, म्हणून विद्यार्थी वाक्य ‘आय’नं सुरू करतो. इंग्रजीतलं रिकामं ‘इट’ चिनीत नाही आणि मराठीतही नाही. ते कुणाबद्दल आहे असं विद्यार्थी हमखास विचारतो. खरं उत्तर द्या, कुणाबद्दलच नाही, जागा रिकामी राहू नये म्हणून ते ठेवलेलं आहे.

त्यात शाळेची एक जुनी भीती असते. चिनी शाळांत ‘स्पेंड, कॉस्ट, टेक, पे’ या चौकडीवर परीक्षेत नेहमी प्रश्न येतात, आणि मोठेपणीही ती चौघं एकदम समोर येऊन अडवतात. तीन क्रियापदं बाजूला ठेवा. एकच साचा द्या: इट टेक्स, मग किती वेळ, मग टू, मग काम. त्याच्या रोजच्या गोष्टी विचारा. मेट्रो स्टेशनपर्यंत चालायला किती, भात व्हायला किती, वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाला, गावी पोचायला किती. वीस वाक्यं तोंडी झाली की मगच मध्ये इंग्रजीतलं ‘मी’ घाला: ‘इट टेक्स मी’. आपल्या ‘मला’ची तीच जागा आहे.

शेवटचा ‘क’

उत्तरेकडच्या प्रमाण चिनीत अक्षराच्या शेवटी स्वर तरी येतो, नाहीतर न, ङ किंवा र. ‘क’ येतच नाही. म्हणून ‘टेक’चा कधी ‘टेका’सारखा उच्चार होतो, कधी नुसता ‘टे’. ‘क नीट म्हण’ असं ओरडून काही होत नाही. ‘क’ पुढच्या शब्दाला चिकटवा: टे-किट, टे-कॉफ, टे-क अ ब्रेक. अक्षराच्या सुरुवातीला ‘ख’सारखा ध्वनी त्यांना छान जमतो, त्यामुळे अडचण तिथेच सुटते. दक्षिणेकडची कॅन्टनीज बोलणाऱ्याला हा त्रास कमी असतो, त्यांच्याकडे शेवटी ‘क’ येतो. आणि चिनी विद्यार्थ्यांचा ‘टेक’मधला पहिला ‘ट’ जरा ‘थ’सारखा वाटला तर दुरुस्त करू नका. इंग्लंड-अमेरिकेतल्या उच्चाराला तो आपल्या कडक ‘ट’पेक्षा जवळ आहे.

‘टुक’ आणि ‘टेकन’ रोजनिशीतून करून घ्या. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, ‘काल’ म्हटलं की काल झालं. म्हणून रोज झोपण्यापूर्वी ‘यस्टरडे’नं सुरू होणारी तीन वाक्यं, तिन्हींत ‘टुक’. दोन आठवडे पुरतात.

‘टेक ऑफ’, ‘टेक केअर’, ‘टेक प्लेस’ असे गट महिनाभरानं, आठवड्याला दोन एवढेच घ्या. ‘टेक प्लेस’मध्ये ‘वॉज टेकन प्लेस’ ही चूक हमखास होते, तेवढी आधीच सांगून ठेवा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

वीचॅट या चिनी गप्पांच्या अ‍ॅपवर भारतात २०२०पासून बंदी आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये चालत नाही. कशावर बोलायचं ते पहिल्याच ईमेलमध्ये ठरवा. दुसरं, २०२१च्या नियमांनी परदेशात बसून चिनी शाळकरी मुलांची शिकवणी घेण्यावर बंदी आली, त्यामुळे हे सगळं मोठ्यांसाठीच.

बोलताना चूक झाली तर मध्ये तोडू नका. वहीत लिहा आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. वाक्य वाचून दाखवा, चूक त्यालाच शोधू द्या. मी शेवटी एक प्रश्न नेहमी विचारते: रेल्वेत रिकाम्या जागेजवळ उभं राहून काय म्हणशील? चिनीत विचारतात, ‘चर यौ रन मा’, म्हणजे ‘इथे माणूस आहे का?’ एसटीत आपणही हेच विचारतो, ‘इथं कोणी आहे का?’ इंग्रजीत मात्र विचारायचं, ‘इज धिस सीट टेकन?’ हे एकदा तिला विचारायला लावा, मग तुम्ही पिशवी उचलून जागा द्या, आणि वही बंद करा.