इंदूरमधील मंडळ किंवा वाचनालयासाठी अनुदान कसे मिळवावे

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात वाचनालय, नाट्यमंडळ किंवा संस्कारवर्ग चालवणाऱ्यांचे बहुतेक काम वर्गणीवर चालते. मात्र जुन्या पुस्तकांना वाळवी लागते किंवा सभागृहाचे छत गळू लागते, तेव्हा वर्गणी पुरत नाही आणि बाहेरच्या निधीकडे पाहावे लागते. असा निधी बहुधा त्याच संस्थेला मिळतो, जिची कागदपत्रे निधी मागण्याआधीच तयार असतात. म्हणून येथे अर्जापेक्षा त्याआधीच्या तयारीबद्दल अधिक सांगितले आहे.

पहिली पायरी नोंदणीची. मध्यप्रदेशात संस्थेची नोंदणी मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली होते आणि त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. नियमावली लिहिताना उद्देशांचे कलम घाईने उरकू नये, कारण पुढे प्रत्येक अनुदानदाता तेच कलम आधी वाचतो. वाचनालयासाठी निधी हवा असेल, तर 'वाचनालय चालविणे' हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. संस्थेचा लाभ एखाद्या जातीपुरता किंवा धर्मापुरता मर्यादित ठेवला असेल, तर आयकराची 80जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते) सामान्यतः मिळत नाही; जुन्या ज्ञातिसंस्थांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसरी पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. 1973 च्या कायद्याच्या कलम 27 नुसार कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 नुसार लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी निबंधकाकडे (संस्थांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) सादर करावे लागतात. कार्यकारिणी बदलली, पण नवी यादी दिलीच नाही, बँकेत सही मात्र जुन्याच अध्यक्षांची चालते, अशी स्थिती असेल, तर कितीही चांगले काम कागदावर उभे राहत नाही. त्यामुळे प्रथम मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण सीएकडून पूर्ण करून घ्यावे, सभांची इतिवृत्ते सह्यांसह एका वहीत ठेवावीत आणि वर्गणीची प्रत्येक रक्कम पावती देऊन बँकेत भरावी.

त्यानंतर आयकर विभागाकडे 12ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करसवलतीसाठी) आणि 80जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या कराव्यात आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावर संस्थेचा क्रमांक घ्यावा. 80जी मुळे जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला करात सवलत मिळते, मात्र दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी, म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करण्यासाठी ठेवलेल्या रकमेसाठी, सीएसआर-1 हा अर्ज भरून वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, तसेच त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

आता निधी कोठे मागावा हे ठरवावे. वाचनालयांसाठी राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान ही 1972 पासूनची केंद्रीय संस्था आहे. नाट्यप्रयोग व महोत्सवांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अनुदान योजना आहेत. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, त्यात आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, आणि सार्वजनिक वाचनालये व वारसा-कला यांचा उल्लेख त्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. पीथमपूरचे कारखाने आपल्या शेजारी असल्याने हा मार्ग इंदूरकरांनी अवश्य पाहावा. खासदार निधीतून स्थायी स्वरूपाची कामे होतात, पण पूजास्थळांसाठी तो वापरता येत नाही.

अर्ज लिहिताना एकच निश्चित काम मागावे. 'मराठी संस्कृतीच्या जतनासाठी साहाय्य करावे' या वाक्यावर कोणताही अधिकारी रक्कम मंजूर करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'वाचनालयातील वाळवी लागलेल्या कपाटांच्या जागी आठ लोखंडी कपाटे बसविणे, खोलीला वाळवीप्रतिबंधक उपचार करणे आणि सर्व पुस्तकांची संगणकीय सूची तयार करणे, कालावधी सहा महिने.' प्रत्येक बाबीपुढे रक्कम लिहावी, किमान तीन दुकानांची कोटेशने जोडावीत आणि संस्था स्वतः किती वाटा उचलणार हे स्पष्ट सांगावे. वाचक सभासद किती, रोज किती जण येतात, त्यांत शाळकरी मुले किती, हे नोंदवहीतून काढून द्यावे. अंदाजाने फुगवलेले आकडे पाहणीच्या वेळी उघडे पडतात. शासकीय कार्यालयासाठी अर्ज हिंदीत करावा, मराठी इतिवृत्तांचे हिंदी भाषांतर सोबत द्यावे आणि अर्ज करण्याविषयीचा कार्यकारिणीचा ठराव जोडायला विसरू नये.

परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून देणगी घेताना मात्र सावध असावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही; परंतु ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी त्याची देणगी विदेशी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालील परवानगीशिवाय ती घेणे हा गुन्हा आहे.

रक्कम मिळाल्यावर तिची स्वतंत्र खातेवही ठेवावी, मंजूर बाबींखेरीज एक रुपयाही इतरत्र वळवू नये आणि बदल करणे भाग पडल्यास आधी लेखी संमती घ्यावी. कपाटांची बिले, कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि कारागिरांच्या पावत्या एकाच फाइलमध्ये लावाव्यात. केंद्रीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला) केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर 12-ए या नमुन्यात द्यावे लागते. ते थकले तर पुढील हप्ता थांबतो, म्हणून काम संपताच सीएची वेळ घेऊन ते मुदतीपूर्वी पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.